कुटुंबकबिला, पन्नास जणांचा

‘कुटुंबकबिल्यासह या’ असं आपण सहज म्हणून जातो. यातला कबिला अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ टोळी, जमात. मराठीत येईपर्यंत तो बायकामुलांपुरता उरला. इंग्रजीतल्या ‘क्लॅन’चा प्रवास नेमका उलटा. शब्द गेलिक भाषेतला, मूळ अर्थ मुलंबाळं, आणि वाढत वाढत झाला कुळ, जमात. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. माझा भाचा मोबाईलवर ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळायला लागला की मी शेजारी जाऊन बसतो. खेळत नाही, विचारत बसतो.

हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीनं हा खेळ 2012 मध्ये आणला. प्रत्येकाचं एक गाव. तटबंदी, तोफा, सोन्याच्या खाणी. आपलं राखायचं, दुसऱ्याचं लुटायचं. एवढंच असतं तर मी कधीच उठून गेलो असतो. मला धरून ठेवलं ते कबिल्यानं.

एका कबिल्यात जास्तीत जास्त पन्नास माणसं. एक प्रमुख, काही उपप्रमुख, काही ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारे (यातल्या निम्म्यांना अजून मिसरूड फुटायचं असतं), बाकी साधे सभासद. कुणाला आत घ्यायचं, कुणाला हाकलायचं, याचे अधिकार पायरीप्रमाणे. प्रमुखपद दुसऱ्याला देता येतं, पण दिलं की दिलं. नवा प्रमुख त्याच रात्री जुन्याला बाहेर काढू शकतो. आपल्याकडच्या संस्थांमधून आयुष्य काढलेल्यांना हे फोड करून सांगायला नको.

रोजचा व्यवहार मदतीचा. सभासद सैन्य मागतो, इतर आपल्याकडून थोडं थोडं देतात. शेतीतली सावड आठवा. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. फरक इतकाच की इथे कुणी किती दिलं, किती घेतलं, याचे आकडे नावापुढे सगळ्यांना दिसतात. फुकट्याला लपायला जागा नाही. पूर्वी हे सैन्य उभारायला खर्च यायचा आणि वेळही लागायचा. कंपनीनं 2022 मध्ये खर्च काढून टाकला, 2025 मध्ये वाट पाहणंही. भाचा म्हणतो, सोय झाली. मला वाटतं, दिल्याचं वजन थोडं कमी झालं.

2014 मध्ये कबिल्याकबिल्यांची युद्धं सुरू झाली. एक दिवस तयारीचा, एक लढाईचा. प्रत्येकाला दोनच हल्ले. निम्मं गाव पाडलं की एक तारा, मुख्य इमारत पाडली की एक, सगळं सपाट केलं की तिसरा. ज्यांचे तारे जास्त ते जिंकले. बरोबरी झाली तर पडझडीची टक्केवारी बघतात. एका गावावर एकाला एकदाच जाता येतं, आणि आधीच्यानं दोन तारे मिळवले असतील तर तुमच्या दोनांनी बेरीज वाढत नाही. म्हणून आधी कुणी जायचं, कुणी थांबायचं, यावर रात्री एक वाजेपर्यंत खल चालतो. हल्ला न करता झोपून गेलेल्याला सकाळी बोलणी बसतात. 2018 पासून आठ कबिल्यांची सात दिवसांची स्पर्धाही असते. तिच्या शेवटी जादा पदकं कुणाला द्यायची हे कबिल्यात ठरतं, आणि मग रुसवेफुगवे. असो.

भाच्याच्या कबिल्यात कोकणातला एक खलाशी होता. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी कुणीतरी दर्यावर गेलेला, त्यामुळे मला तो न पाहताही ओळखीचा. तो जहाजावर गेला की महिनोन् महिने रेंज नाही. मागणं नाही, देणं नाही, हल्ला नाही. पन्नासातली एक जागा नुसती अडलेली. त्याची जागा राखा म्हणणारे काही, काढा म्हणणारे काही. ‘मामू, तुम्हीच सांगा, रिकाम्या पाटावर किती दिवस वाढायचं?’ भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी चुलतभावाचं ताट सात महिने मांडलेलं मी पाहिलंय. तो म्हणाला, ‘तुमच्या घरी एक्कावन्नावा दारात उभा नव्हता.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. चौथ्या महिन्यात एक तगडा खेळाडू आला आणि खलाशाला काढलं. काढलं ते भाच्यानंच. तो उपप्रमुख आहे.

दोन महिन्यांनी अर्ज आला. प्रवेश मागताना चार शब्द लिहिता येतात. त्यानं दोनच लिहिले होते: ‘किनाऱ्याला लागलो.’ योगायोगानं तेव्हा एक जागा रिकामी होती. अर्ज कुणी मंजूर केला ते मी विचारलं नाही. पूर्वी तो वडीलधाऱ्यांत होता, पण परत येणारा साधा सभासद म्हणूनच येतो. आल्या आल्या त्यानं सैन्य मागितलं. मिनिटभरात पुरं भरलं, आणि देणाऱ्यांत तो एक्कावन्नावाही होता. वडीलधारेपण मात्र त्याला अजून परत मिळालेलं नाही. भाचा म्हणतो, आधी दोन युद्धं खेळू दे. पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा जहाजावर जायचंय.