नांगर, साचा आणि पावसाळा



साहित्य संस्थेनं फौंड्रीवाल्याला बोलावलं तेव्हा मी बिचकलोच. मग आठवलं, आपल्या घराघरांत वाचलं गेलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालं, तेही नांगराच्या कारखान्यातूनच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत. नांगर चांगला होता, पण माल अडला तो शेतकऱ्याच्या मनापाशी. म्हणजे त्याला समजावणं हेही ओतकामाइतकंच कारखान्याचं काम ठरलं. शंकररावांची ‘खबर’ मला त्याच साखळीतली कडी वाटते.

मला मात्र ही साखळी नुकसान सोसून कळली. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कोअर करणाऱ्यांना नगावर मजुरी होती. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. मोल्डिंगला लागत त्याहून कितीतरी जास्त गाभे तयार होऊन पडून राहत. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. गाभे ओल धरत, त्यांवर तापलेला रस पडला की वाफ होई आणि कास्टिंगात पोकळ्या राहत. वरून काहीच दिसत नसे. दिसे ते लेथवर चढवल्यावर, सगळी मजुरी खर्ची पडल्यानंतर. लेथवाला भट्टीवाल्याला बोल लावी, भट्टीवाला कच्च्या लोखंडाला. प्रत्येक विभागाचा तक्ता मात्र चोख! मीही दोन पावसाळे भट्टीच तपासत बसलो. एक मोठं गिऱ्हाईक गेलं.

शेवटी नाकारलेलं एक कास्टिंग हातात घेऊन मी उलट्या क्रमानं चालत गेलो: लेथ, भट्टी, साचा आणि मग कोअरची मांडणी. तिथल्या गाभ्याला बोट लावलं, तर बोटाला ओल.

नगाची मजुरी बंद केली. पगार महिन्याचा, आणि मोल्डिंग मागेल तेवढेच गाभे करायचे. माल सुधारला. आठ दिवसांनी आमचा सगळ्यांत जुना कारागीर समोर उभा राहिला. “मालक, हिशेब चुकला तुमचा, आणि कमाई घटली माझी.”

खरंच होतं. वाचलेल्या मालातला वाटा कोअर विभागाला द्यायला मी पुढं दोन वर्षं लावली. तोवर तो कोल्हापूरच्या एका फौंड्रीत लागला होता.