दानाला हिशेबाची जोड



पूर्णा नदीवरील येलदरी धरणातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि तेथून कालव्यांच्या वाटेने परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतांकडे जाते. धरणात पाणी किती आहे हे शेतकरी विचारतो. परंतु ते टेलच्या शेतापर्यंत पोहोचते काय, याची त्याला अधिक चिंता असते. याच परिसरातील माणूस दान करताना मात्र हा दुसरा प्रश्न सहसा विचारीत नाही. पावती फाटली की दान पूर्ण झाले, अशी त्याची समजूत असते.

सोयाबीन व हळदीचे पैसे हातात आले की दारी येणाऱ्या पावतीपुस्तकांची संख्या वाढते. कोणी अनाथाश्रमासाठी मागतो, कोणी गोशाळेसाठी, कोणी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, तर कोणी औंढ्याच्या यात्रेकरूंना अन्नदान करण्यासाठी. भ्रमणध्वनीवर येणारी शस्त्रक्रियेच्या मदतीची आवाहने ही त्यांतली नवी भर. यांतील पुष्कळ मागण्या खऱ्या असतात, काही नसतात. दारी आलेल्याला प्रश्न विचारणे अश्रद्धपणाचे वाटते, म्हणून खऱ्याला व खोट्याला सारखेच अकरा, एकावन्न किंवा एकशे एक रुपये मिळतात. यात खरी संस्था नाडली जाते, हे ध्यानात घेतले जात नाही. प्रामाणिक कार्यकर्ता वर्षभर काम करून एकदा मागतो. मागणे हाच ज्याचा व्यवसाय, तो वर्षभर मागत फिरतो.

महाराष्ट्रात लोकवर्गणीचा सर्वांत मोठा विश्वासू कोण, या प्रश्नाला गाडगेबाबांचे नाव हेच उत्तर संभवते. विदर्भातील ऋणमोचन येथे नदीवर घाट बांधण्यापासून त्यांचे सार्वजनिक बांधकाम सुरू झाले. त्या नदीचेही नाव पूर्णाच. मात्र ती तापीला मिळणारी, ही गोदावरीला मिळणारी. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी लोकांनी मोठ्या रकमा दिल्या. बाबांच्या अंगावर मात्र चिंध्यांचे वस्त्र आणि हातात गाडगेच राहिले. देणाऱ्याचा पैसा दगड-चुन्याच्या रूपाने उभा राहिलेला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई, यातच त्यांच्यावरील विश्वासाचे मर्म होते. पैसा हाताशी ठेवण्यापेक्षा संस्था विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याकडे त्यांचा कल होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्यापेक्षा अधिक उपयोग करणारा दिसताच मिळालेले दान पुढे सोपविणारा असा याचक विरळाच. त्यांचे स्नेही कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या मूठमूठ धान्याचाही आधार घेतला गेला. मूठ देणाऱ्या माउलीला आपले धान्य कोणाच्या पोरांच्या ताटात पडते, हे ठाऊक होते.

आज देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर असते. ते डोळ्यांनी पार करता येत नाही, म्हणून कागदाने पार करावे लागते. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याचे प्रयोजन हेच होय. या कायद्यान्वये सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील संस्थाही राज्यात सार्वजनिक न्यास ठरत असल्याने तिच्याजवळ दोन नोंदणी क्रमांक असतात. न्यासाने हिशेब ठेवावे आणि ते दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे, असा दंडक आहे. अगदी लहान न्यासांना त्यात काही सूट आहे. विश्वस्तांत बदल झाल्यास तो नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. पावतीवर क्रमांक नसणे, क्रमांक असूनही गेल्या वर्षीचा ताळेबंद दाखविण्याची टाळाटाळ होणे, अथवा रक्कम संस्थेच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितली जाणे, यांपैकी काहीही आढळले तर तेथेच थांबणे इष्ट.

आयकरातील सवलतीविषयी पुष्कळ गैरसमज आहे. ती सवलत संस्थेच्या कामाच्या गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. शिवाय २,००० रुपयांहून अधिक देणगी रोख दिल्यास त्या देणगीवर सवलत मिळत नाही. धनादेश किंवा बँकेमार्फत भरणा यांचा मार्ग त्यामुळेही बरा.

परंतु कागद स्वच्छ असणे एवढ्याने निवड संपत नाही. संस्था प्रशासनावर किती खर्च करते, हा प्रश्न हल्ली मोठ्या आवेशाने विचारला जातो आणि ज्या संस्थेचा खर्च कमी ती चांगली, असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेत परिचारिकेचा पगार हीच सेवा असते. वसतिगृहात स्वयंपाकिणीचे वेतन वाचविले तर मुले उपाशी राहतात. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये ज्याचा आरंभ केला, त्या आनंदवनात कुष्ठरुग्णांना शेती व हस्तव्यवसाय शिकवून आपल्या पायांवर उभे करण्यात आले. अशा कामात शिकविणाऱ्यावरचा खर्च वगळला तर मागे काय उरणार? म्हणून खर्चाच्या टक्केवारीपेक्षा गेल्या वर्षी कोणासाठी नेमके काय झाले, आणि जे ठरले होते पण झाले नाही ते का झाले नाही, हे विचारणे अधिक उपयोगाचे. अपयश मोकळेपणी सांगणारी संस्था सहसा हिशेबही मोकळेपणी दाखविते.

वस्तुरूप दानाबाबतही थोडे तारतम्य हवे. पूर आला की जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. ती निवडणे, वाहणे आणि वाटणे यांत स्वयंसेवकांचे दिवस जातात. तेथे काय हवे, हे आधी विचारून मगच पाठवावे.

दूरच्या मोठ्या संस्थेला द्यावे की गावच्या शाळेला, हा वाद निष्कारण आहे. दोन्हींना देता येते. मात्र गावात दिलेल्या वर्गणीचा हिशेब भिडेपोटी मागितला जात नाही. शाळेची खोली, वाचनालय अथवा पाणपोई यांसाठी जमा झालेली रक्कम, तिचा खर्च आणि उरलेली शिल्लक एका तावावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास विशेष खर्च येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने असा ताव वर्षातून दोनदा लावावा. गावच्या वर्गणीचा हिशेब फलकावर वाचण्याची सवय झालेला माणूस दारी आलेल्या अनोळखी पावतीपुस्तकालाही तोच ताव मागेल.