एका मिनिटाच्या अंतरानं तेरा विमानं
(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माहिती तंत्रज्ञान आणि आजची पिढी’. त्यावर बोलले असते तर पाचव्या मिनिटाला तुम्ही मोबाईल काढले असते आणि तेच भाषणाचं प्रात्यक्षिक ठरलं असतं. म्हणून विषय मी परस्पर बदलला. मी टँकरवर बोलणार आहे.

हसू नका. टँकर म्हटल्यावर आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मला ठाऊक आहे. मार्चपासून चौकात घागरींची रांग, आणि ‘आला, आला’ अशी हाक. आपला एक वर्गमित्र गेली पंधरा वर्षं टँकरच्या व्यवसायात आहे, पहिल्याच रांगेत बसलाय. त्यालाही आवडेल असं काहीतरी सांगते. मी सांगणार आहे ते हवेतले टँकर, म्हणजे उडता उडता दुसऱ्या विमानाला इंधन देणारी विमानं. आणि तीसुद्धा एकामागून एक, घाईघाईनं आकाशात झेपावणारी.

आधी या घाईची गोष्ट. अवजड विमान उडालं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन मोठे भोवरे मागे सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मागचं विमान त्यात सापडलं तर एका अंगावर कलंडू शकतं. म्हणून प्रवासी विमानतळावर मोठ्या विमानाच्या मागे साधारण दोन मिनिटांचं अंतर ठेवतात. आपण आत बसून ‘अजून का सुटत नाही’ म्हणून कुरकुरतो, त्यातली काही मिनिटं या भोवऱ्यांची असतात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलानं हे अंतर टँकर विमानांसाठी पंधरा सेकंदांवर आणलं होतं. बॉम्बफेकी विमानांसाठी बाराच. कारण सरळ होतं. रशियाची क्षेपणास्त्रं येऊन आदळायला थोडी मिनिटं लागणार, तेवढ्यात तळावरचं होईल तितकं सगळं हवेत गेलं पाहिजे. जे धावपट्टीवर राहिलं ते गेलं. मग वैमानिक काय करत? पहिला थोडा डावीकडे वळे, दुसरा थोडा उजवीकडे, म्हणजे पुढच्याच्या भोवऱ्यात मागचा सापडू नये.

त्या काळच्या केसी-१३५ या टँकर विमानाची इंजिनं भरल्या वजनाला अपुरी पडत. म्हणून उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी फवारत. पाण्यानं हवा थंड आणि दाट होते, जोर वाढतो. एका उड्डाणाला सुमारे अडीच हजार लिटर शुद्ध केलेलं पाणी, दोन-अडीच मिनिटांत खलास. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा हिशेब केला की एवढ्यात आपल्या आळीतली किती घरं भागली असती. सवय जात नाही! आणि त्यातून निघे काळाकुट्ट धूर. रांगेतल्या चौथ्या-पाचव्या वैमानिकाला समोरची पट्टीही धड दिसत नसे. माणसं दिवसरात्र तयारीत राहून याचा सराव करत. १९९१ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती कायमची सज्जता मागे घ्यायचा आदेश दिला. ज्यासाठी हे सगळं होतं ते युद्ध सुदैवानं झालंच नाही.

पण मला खरं सांगायचंय ते प्रत्यक्षात झालेल्या एका उड्डाणाबद्दल. तारीख ३० एप्रिल १९८२, रात्र. आपल्यातले निम्मे तेव्हा पाळण्यात होते, उरलेले जन्मायचे होते. अर्जेंटिनानं २ एप्रिलला फॉकलंड बेटं ताब्यात घेतली होती. ब्रिटिशांना तिथल्या स्टॅन्ली गावाची धावपट्टी निकामी करायची होती. हाताशी असलेला सर्वांत जवळचा तळ म्हणजे अटलांटिकच्या मधोमध असलेलं असेन्शन बेट. जवळचा म्हणजे किती? सुमारे ६,३०० किलोमीटर. मध्ये फक्त समुद्र. व्हल्कन हे बॉम्बफेकी विमान भरल्या टाकीनं तिथवर जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. वाटेत कोणीतरी इंधन द्यायला हवं. आणि देणाऱ्या विमानालाही इंधन लागणार, म्हणजे त्यालाही देणारं दुसरं कोणीतरी हवं.

इथे मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण होते. सर, तुम्ही समोर आहात, चुकलं तर थांबवा. नववीत तुम्ही एक उदाहरण घातलं होतं. पुस्तकातलं नव्हतं, तुमचं स्वतःचं. चारा छावणी तीस कोसांवर आहे. गाडीत कडब्याच्या वीस पेंढ्या मावतात. बैल दर कोसाला एक पेंढी खातात. वाटेत चारा नाही. तर एक गाडी छावणीपर्यंत कशी पोचवाल? वर्ग म्हणाला, पोचणारच नाही, वीस कोसांवर बैल बसतील. तुम्ही म्हणालात, सोबत गाड्या घ्या की.

उत्तर असं. तीन गाड्या निघतात. पाच कोसांवर प्रत्येकीत पंधरा पेंढ्या उरतात. तिसरी गाडी पहिल्या दोघींना पाच-पाच पेंढ्या देते, स्वतःजवळ पाच ठेवते आणि घरी परत जाते. त्या दोघी पुन्हा भरलेल्या. दहा कोसांवर दुसरी गाडी पहिलीला पाच देते, तिच्याकडे दहा उरतात, दहा कोस मागे घर. पहिली भरली, उरलेले वीस कोस तिनं काढले. छावणी आली. फळ्यावर हे मांडून झाल्यावर तुम्ही विचारलं होतंत, “आणि पहिल्या गाडीवानाला परत यायचं असेल तर?” आणि घंटा झाली.

असेन्शनवर त्या रात्री नेमकं हेच गणित होतं, फक्त गाडीवानाला परत यायचं होतं. म्हणून एका व्हल्कनसाठी अकरा व्हिक्टर टँकर लागले. व्हिक्टर व्हिक्टरला पाजणार, परत फिरणार, उरलेले पुढे जाणार, पुन्हा निम्मे निम्म्यांना देणार. हे व्हिक्टरही मुळात अणुबॉम्ब टाकण्यासाठीच बांधलेले. पुढे त्यांच्या पोटात टाक्या बसवल्या आणि मागे नळ्या लावल्या.

रात्री अकराच्या सुमारास त्या बेटावरच्या एकुलत्या एका धावपट्टीवरून अकरा व्हिक्टर आणि दोन व्हल्कन अशी तेरा विमानं एका मिनिटाच्या अंतरानं उडाली. धावपट्टीचं नाव वाइडअवेक, तिथल्या एका समुद्रपक्ष्याच्या नावावरून. तिथे घाई क्षेपणास्त्राची नव्हती, इंधनाची होती. पहिलं विमान तेराव्याची वाट पाहत वर घिरट्या घालणार, आणि प्रत्येक घिरटी म्हणजे पुढे कोणाला तरी कमी पडणारी पेंढी. विमानं दोन-दोन मिनिटांनी सोडली असती तर पहिल्याची वाट दुप्पट लांबली असती.

आता नीट ऐका. तेरा विमानांत एक व्हिक्टर राखीव होता आणि एक व्हल्कन राखीव होतं. मूळ योजनेप्रमाणे त्या दोघांनी काही काळ सोबत जाऊन परत यायचं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात मुख्य व्हल्कनच्या कॉकपिटमधल्या खिडकीचं रबरी सील बसेना, आत हवेचा दाब टिकेना. ते परत फिरलं. एका व्हिक्टरची इंधन देणारी नळी चालेना. तोही परत. दोन्ही राखीव विमानं लगेच कामाला लागली. स्टॅन्लीवर जे व्हल्कन पोचलं, मार्टिन विदर्स यांचं, ते निघताना राखीव होतं.

इथे थोडं माझं सांगते. आपल्या व्हॉट्सअॅप गटावर मी हे कधी लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. रात्री चालणाऱ्या एका मोठ्या प्रणालीवर आमची आठ जणांची टीम होती. सहा जण पाळीवर, दोघं राखीव. मी त्या महिन्यात राखीव होते. वरच्या कोणीतरी तक्ता पाहिला, दोन नावांपुढे ‘काम नाही’ दिसलं. व्हिडिओ कॉल बारा मिनिटांचा होता. त्यात वापरलेला शब्द होता ‘रिडंडंट’. मी इंजिनिअरिंग शिकले तेव्हा हा शब्द कौतुकाचा होता. एक पंप बंद पडला तर दुसरा हवा, एक सर्व्हर गेला तर दुसरा उभा हवा. ज्या रचनेत असं काही नाही तिला आमचे प्राध्यापक नापास करायचे. तोच शब्द माणसाला लावला की अर्थ होतो जास्तीचा, नको असलेला. पंचवीस वर्षं एक अर्थ शिकले, बारा मिनिटांत दुसरा कळला.

सात महिने घरी होते. आईला सांगितलं होतं की घरून काम करतेय. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण त्याच काळात मी ही सगळी इंधनाची गणितं वहीत पुन्हा मांडत होते. आता दुसरीकडे आहे, पगार कमी आहे, माणसं बरी आहेत. हे दयेसाठी सांगत नाही. सकाळपासून तिघांनी मला “तुझं काय बाई, सेट आहेस” असं म्हटलं, म्हणून सांगून टाकलं.

तर त्या रात्रीकडे परत. व्हल्कन अपेक्षेपेक्षा जास्त इंधन खात होतं. आपल्या भाषेत, बैल कोसाला सव्वा पेंढी खायला लागले. एकेक व्हिक्टर ठरल्यापेक्षा जास्त देऊन, ठरल्यापेक्षा रिकामा होऊन मागे फिरत होता. असेन्शनला चार व्हिक्टर जवळजवळ एकाच वेळी परत पोचले, चौघांकडेही थांबायला इंधन नाही. समांतर टॅक्सी-वे नसल्यामुळे उतरलेल्या विमानाला पट्टीवरूनच माघारी यावं लागे, आणि त्याला वेळ नव्हता. म्हणून पहिला उतरून पट्टीच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. दुसरा त्याच्या मागे, मग तिसरा, मग चौथा. एकाचे ब्रेक लागले नसते तर चारही गेले असते. उड्डाणाचे फोटो सगळे बघतात, मला मात्र हे उतरणं जास्त भारी वाटतं.

पुढे दक्षिणेला, शेवटच्या टप्प्यात, दोन व्हिक्टर आणि व्हल्कन उरले. एकात बॉब टक्सफर्ड, दुसऱ्यात स्टीव्ह बिगलँड्स. योजना अशी, की टक्सफर्डनी बिगलँड्सना भरून द्यायचं आणि परत फिरायचं. नेमकं तेव्हाच वादळ लागलं, आणि इंधन घेताना बिगलँड्स यांच्या विमानाची घेण्याची नळी टोकाला तुटली. आता ते देऊ शकत होते, घेऊ शकत नव्हते. त्या धक्क्यांत दोघांनी जागा बदलल्या. टक्सफर्डनी दिलेलं इंधन परत घेतलं आणि पुढे निघाले. शेवटची खेप देताना हिशेब स्पष्ट होता. व्हल्कनला पुरेल इतकं दिलं तर आपण असेन्शनच्या शेकडो मैल आधी समुद्रात. त्यांनी आपल्या चार सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी पुढे जायला होकार दिला.

दिलं, तरी ते ठरल्यापेक्षा कमीच होतं. विदर्सही कमी इंधनावर पुढे गेले. पहाटे एकवीस बॉम्ब पडले, त्यातला एक धावपट्टीवर मधोमध. एवढ्यासाठी एवढं? यावर लष्करी जाणकार आजही भांडतात. मला त्या भांडणात पडायचं नाही, आणि युद्धाचं गुणगान तर मुळीच करायचं नाही. त्या लढाईत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जवान गेले, तीन बेटकरी बायकाही गेल्या.

टक्सफर्डना मदत मागायची होती, पण रेडिओवर बोलले असते तर व्हल्कनचा सुगावा लागला असता. म्हणून ते गप्प राहिले. बॉम्ब पडल्याचा सांकेतिक शब्द कानावर आल्यावरच त्यांनी टँकर मागितला. असेन्शनहून एक व्हिक्टर उठला, समुद्रावर त्यांना गाठला, आणि ते सुमारे चौदा तासांनी उतरले. व्हल्कनला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या व्हिक्टरनं भरून घेतलं, तेही आलं.

पदकं मिळाली. विदर्सना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, जो शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी देतात. टक्सफर्डना एअर फोर्स क्रॉस, जो शत्रू समोर नसताना केलेल्या धाडसासाठी असतो. नियमाप्रमाणे बरोबरच आहे, शत्रू त्यांच्यासमोर नव्हता.

चिठ्ठी आलीय, वेळ संपली. सर, गाडीवान परत कसा येईल त्याचं उत्तर मी काढलंय, कागद पर्समध्ये आहे. चहाच्या वेळी तपासून द्या. एक पायरी तुम्हाला पटणार नाही असं वाटतंय.