पावसाची विषम वांटणी

महाडाहून रायगडाकडे निघालें म्हणजे गांधारी नदीच्या खोऱ्यांत नातें हें गांव लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें हें जन्मस्थान. तेथील शेतकऱ्याची जमा मात्र आभाळांतून येते, आणि तीहि वर्षाच्या चारच महिन्यांत! महाड तालुक्यांत त्या अवधींत सुमारें ३,००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच, पाऊस पडतो.

याचें कारण गांवाच्या पाठीशींच उभें आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, निवतात, आणि बाष्पाचें पाणी होऊन तें कोंकणांत व घांटमाथ्यावर कोसळतें. महाबळेश्वरीं ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेच वारे पलीकडे उतरूं लागले कीं तापतात व कोरडे होतात. त्यामुळें पायथ्याच्या वाईस १,००० मिलिमीटरहि भरत नाहींत, आणि पुढें माण तालुक्यांत ५०० च्या आसपासच भागवावें लागतें. एकाच सातारा जिल्ह्यांत हा दहापटींचा फरक!

जगांतहि हाच प्रकार, फक्त थोरल्या प्रमाणावर. मेघालयांतील खासी टेकड्यांवर मौसिनराम येथें ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. उलट चिली देशांतील आरिका बंदरीं समुद्र दारांत असूनहि वर्षाची सरासरी १ मिलिमीटर भरत नाहीं, कारण किनाऱ्यालगतच्या थंड प्रवाहामुळें हवा वर चढतच नाहीं. नुसता आंकडा मात्र फसवा असतो. लंडनची पर्जन्यवृष्टि सुमारें ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनहि थोडी कमीच. पण ती बारा महिने थोडीथोडी पडते, म्हणून तेथील कुरणें बहुधा हिरवीं राहतात.

महाड-पोलादपूरचें दुखणें येथेंच आहे. काळ्या कातळाच्या उतारावरून पाणी पाहतां पाहतां सावित्रीला व तेथून खाडीला मिळतें, आणि ज्या वाड्यांनीं आषाढांत छपरें सांभाळलीं त्यांतल्याच कित्येकांना वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. उलटपक्षीं, २२ जुलै २०२१ रोजीं अतिवृष्टीनें महाड शहर बुडालें व तळिये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं. २००५ च्या जुलैंतहि दासगांव, जुई येथें दरडींनीं असाच घाला घातला होता. वार्षिक सरासरी कितीहि अचूक असली तरी एका रात्रींत किती पडेल हें ती सांगत नाहीं. त्याकरितां तासातासाचें मोजमाप हवें. शिवाय समुद्राला भरती असली कीं सावित्रीचें पाणी बाणकोटच्या खाडींत लवकर ओसरत नाहीं, आणि गांधारीला महाडाशीं तुंबून राहावें लागतें.