माल पुरवणारे आणि माल वापरणारे
(स्टोअर्स डेपो व लाइनवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पुरवठादार हा विषय साहेबांचा, टेंडर समितीचा, आपला नव्हे, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. टेंडर साहेब उघडतात हे खरे. पण आलेला पाना हातात धरतो तो लाइनवरचा कामगार आणि आलेली थैली खांद्यावर घेतो तो आपला टपाल बंधू.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात फिशप्लेटचे बोल्ट कसताना नव्या पान्याचा जबडा फाकला आणि एका बंधूच्या बोटांना जबर मार बसला. आम्ही मोर्चा नेला, घोषणा दिल्या. चौकशीत पुरवठादार शांतपणे म्हणाला, "या मालाबद्दल तुमची एकही लेखी तक्रार नाही." त्याचे म्हणणे खरे होते. त्याआधी त्याच मालातले तीन पाने तसेच फाकले होते. मुकादमाच्या कानावर घातले, जुना पाना घेऊन काम उरकले, झाले! कागद कोणीच केला नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे निघाली. त्याच पुरवठादाराची पानभर जाहिरात आमच्या वार्षिक स्मरणिकेत होती. पावती आम्हीच फाडली होती.

आता दुसरी बाजू. सगळेच पुरवठादार चोर नसतात. एखादा लहान कारखानदार चोख माल आणून टाकतो; इकडे तपासणी रखडते, रिसीट नोट निघत नाही, बिल अडते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण रेल्वेशी भांडायला असा माणूस उभा राहतो का? तो पुढच्या टेंडरला दर चढवतो, नाहीतर फिरकतच नाही. मग उरतो तो टेबलाटेबलावर जमवून घेणारा. डेपोतल्या आपल्या बंधूंनो, रिसीट नोट अडते त्या टेबलांत एखादे टेबल आपलेही असते. हे ऐकून काहीजण आमच्यावर रागावतील, रागवा.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असे धरून पैशांची मुदत चालू होते. तोंडी कुरकुर हिशेबात नाही. पुढे वापरात दोष निघाला तर वॉरंटीखाली माल बदलून मागता येतो. पण त्यालाही कागद लागतो, आणि त्यावर पुरवठा आदेशाचा क्रमांक, मालावरचा शिक्का व वापराची तारीख लागते.

2016 साली सरकारी खरेदीसाठी जेम आले, 2017 मध्ये जुने डीजीएस अँड डी खाते बंद झाले. रेल्वेची टेंडरेही आता संगणकावर निघतात. चांगले झाले. ट्रक मात्र अजून डेपोच्या फाटकातच लागतो.

उद्याच्या सत्रात आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. पहिला, प्रत्येक गँग व शेडमध्ये सदोष मालाची वही ठेवावी आणि तिची नक्कल दर आठवड्याला डेपोकडे द्यावी. दुसरा, स्मरणिकेसाठी कोणत्याही पुरवठादाराची जाहिरात घेऊ नये. दुसऱ्याने खजिनदारांची अडचण होणार, हे आम्ही जाणतो. दुरुस्त्या असतील त्या शाखांनी आज रात्रीपर्यंत लेखी द्याव्यात.