वीज बदलली, गाडी थांबली नाही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात शुभारंभाविषयी बोलावे, असा आपल्याकडचा संकेत आहे. मी मात्र आज निवृत्तीविषयी बोलणार आहे. आणि तीही माणसांच्या नव्हे, रेल्वेच्या डब्यांच्या. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर डी.सी. विजेवर धावणाऱ्या जुन्या लोकल गाड्यांचे पर्व एप्रिल 2016 मध्ये संपले. बंगळूरला स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कित्येकांची पहिली नोकरी, कित्येकांचे आजोळ, काहींची लग्नेसुद्धा त्या पिवळ्या-तपकिरी डब्यांशी जोडलेली आहेत. तेव्हा हा विषय आपणांस परका वाटणार नाही, असा मला भरवसा आहे.

प्रथम थोडा इतिहास. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने, भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अंतर जेमतेम 16 किलोमीटर आणि तारेतील दाब 1500 व्होल्ट. तीन वर्षांनी, जानेवारी 1928 मध्ये, पश्चिमेकडे कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. 1929 मध्ये ही वीज घाट चढून पुण्यास पोचली आणि 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी अवतरली. प्रारंभीचे डबे परदेशातून आले. स्वातंत्र्यानंतर ते कलकत्त्याच्या जेसप कंपनीत आणि पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत तयार होऊ लागले. अशा डब्याचे आयुष्य रेल्वे साधारण 25 वर्षांचे धरते. म्हणजे या ताफ्यात डब्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या आल्या आणि गेल्या. तारेतली वीज मात्र 91 वर्षे तीच राहिली.

त्या डब्यांचे वर्णन आपल्यापुढे करणे म्हणजे पंढरपुरात विठोबाचे वर्णन करण्यासारखे आहे. लाकडी पट्ट्यांचे बाक, डोक्यावर खणखणणाऱ्या कड्या, आणि खिशातल्या कंगव्याने ढकलल्याशिवाय न फिरणारा पंखा. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देण्याचा अलिखित कायदा कोणत्याही विधिमंडळाने केला नव्हता. तरी तो पाळला जाई. सामानाच्या डब्यात डबेवाल्यांची लांबच लांब फळी, पलीकडच्या डब्यात टाळांच्या साथीने चाललेले भजन. 1986 पासून नऊ डब्यांच्या जोडीला बारा डब्यांच्या गाड्या आल्या. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली ही केवळ स्त्रियांसाठीची गाडी निघाली. नोकरी करणाऱ्या बाईचे एक स्वतंत्र जग या शहरात आहे, याची ती जाहीर कबुलीच होती.

मग इतक्या जिव्हाळ्याचा हा ताफा मोडीत का काढला? याचे उत्तर विजेत आहे, आणि बंगळूरकरांनी त्या विजेची सरहद्द प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. उद्यान एक्स्प्रेसने मुंबईहून येताना पुण्याला एंजिन बदलावे लागे, ते आठवा. मुंबईची डी.सी. तार पुण्यात संपे आणि पुढचा प्रवास डिझेलवर होई. देशात इतरत्र मात्र 25,000 व्होल्टची ए.सी. वीज रुजत गेली होती. दाब सुमारे सतरापट असला, म्हणजे तितकीच शक्ती पुरवण्यास सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो. तारा हलक्या चालतात, उपकेंद्रे थोडी लागतात आणि वाटेत वाया जाणारी वीज घटते. मुंबईत मात्र थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे उभारावी लागली होती, आणि अधिक लांबीच्या, अधिक गाड्या चालवायच्या तर ती जुनी व्यवस्था अपुरी पडत होती. शिवाय जुन्या गाडीत वेग आवरताना निर्माण होणारी शक्ती उष्णता होऊन हवेत विरे. नव्या गाड्या तीच शक्ती वीज करून तारेत परत घालतात. हिशेब असा सरळ होता.

परंतु हिशेब सरळ असला, तरी काम सरळ नव्हते. लक्षावधी माणसांना रोज कामावर नेणारी वाहिनी महिनाभर बंद ठेवून नवी तार ओढता येत नाही. रोगी चालता ठेवून त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी, असा तो प्रकार होता. त्यावर तोडगा निघाला तो दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्यांचा. मुंबईच्या उपनगरी वाहतूक सुधारणेच्या योजनेत जागतिक बँकेच्या साह्याने आलेल्या, पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या, सीमेन्सची विद्युत् सामग्री असलेल्या गाड्या नोव्हेंबर 2007 पासून धावू लागल्या. त्या डी.सी. आणि ए.सी. या दोन्ही तारांखाली चालत. ज्या जुन्या गाड्यांचे सांगाडे धडधाकट होते, त्यांतील काहींच्या पोटात नवी यंत्रे बसवून त्यांनाही दोन्ही विजांची सवय लावण्यात आली.

दोन विजांच्या सीमेवर तारेचा एक छोटा निर्जीव तुकडा असे. तेथे मोटरमन वीज तोडी, डब्यातील दिवे-पंखे क्षणभर थांबत, आणि गाडी केवळ स्वतःच्या गतीवर तो तुकडा ओलांडून पलीकडची वीज घेई. नवख्या प्रवाशाला वाटे, काही बिघडले. रोजचा प्रवासी वर्तमानपत्राचे पान तसेच धरून दिवे येण्याची वाट पाही.

हा पालट टप्प्याटप्प्याने झाला. उच्च दाबाच्या तारेला वरच्या पुलापासून अधिक अंतर लागते, आणि दक्षिण मुंबईतले जुने पूल बुटके. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडावा लागला. पश्चिम रेल्वेचे काम फेब्रुवारी 2012 मध्ये पुरे झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून 2015 मध्ये. शेवटी उरला हार्बर मार्ग, जेथे 1925 साली आरंभ झाला होता. 9 एप्रिल 2016 च्या रात्री डी.सी. विजेवरची अखेरची लोकल कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. पहिल्या गाडीचीच ती वाट, फक्त उलट दिशेची. त्या रात्री तारेतील वीज बदलली, आणि मुंबईकर पुन्हा आपल्या नेहमीच्या गाडीच्या वेळा सांभाळू लागला.

या घटनेतले खरे मोठेपण मला येथे दिसते. जुने जपावे की टाकावे, हा वाद आपण हौसेने घालतो. पण जुने चालू असतानाच नवे कसे आणावे, याचे शास्त्र त्या अभियंत्यांनी, रात्रीच्या दोन-तीन तासांच्या अवधीत तारांवर चढून काम करणाऱ्या कामगारांनी आणि दोन्ही विजांचे शिक्षण घेतलेल्या मोटरमननी सिद्ध केले. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

तथापि जिव्हाळ्याने डोळे झाकू नयेत. ज्या उघड्या दारात उभे राहून आपण वारा खाल्ला, त्याच दारातून माणसे पडली. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून आजही माणसे प्राणांस मुकतात. डी.सी. गाड्या गेल्या, तरी उघडे दार उरले. बंद दारांची पहिली वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी धावली. पण 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचा आराखडा जाहीर झाला. वीज बदलण्यात जी चिकाटी दाखवली, ती दार मिटवण्यातही दाखवली जावी, एवढेच म्हणतो. गर्दीच्या आठवणी रम्य वाटतात त्या सुखरूप घरी पोचलेल्यांना.

निरोपाच्या रीतीही पाहण्यासारख्या असतात. कलकत्त्यात 24 ऑक्टोबर 1984 रोजी देशातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या वातानुकूलन नसलेल्या जुन्या गाड्यांना बरोबर त्याच तारखेला, 2021 साली, समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. आपल्याकडे एंजिनांचे भाग्य थोर. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घाटमार्गावरचे ‘सर रॉजर लम्ली’ हे विद्युत् एंजिन दिमाखात उभे आहे. सामान्य माणसांना वाहणाऱ्या डब्यांच्या वाट्याला मात्र बहुधा भंगाराचा लिलावच येतो.

आणि आता आपल्या गावाची गोष्ट. 1964 साली बंगळुरात स्थापन झालेल्या बी.ई.एम.एल. या कारखान्याने मुंबई मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गांसाठी गाड्या बांधल्या. त्यांतील पहिली 2021 च्या जानेवारीत मुंबईत पोचली, आणि 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, त्या मार्गांवर प्रवासी चढले. मुंबईने आपल्याला येथे पाठवले; बंगळूरने मुंबईला गाड्या पाठवल्या. या देवाणघेवाणीत कोणाचे देणे अधिक, हे मोजण्याच्या भरीस मी पडत नाही.

बंधुभगिनींनो, या मंडळाचीही पन्नास वर्षे झाली. येथली मुले घरात मराठी, अंगणात कानडी, शाळेत इंग्रजी बोलतात. दोन-तीन विजांवर चालणारी ही पिढी पाहून आपल्यापैकी काही ज्येष्ठांच्या मनात दिवे क्षणभर विझतात, हे मी जाणतो. पण मधला निर्जीव तुकडा गाडी ओलांडते ती मागून आणलेल्या गतीवर. ती गती देणे एवढेच आपल्या हातात आहे.

म्हणून एक विनंती करतो. जुने डबे परत येणार नाहीत, येऊही नयेत. परंतु त्यांत बसलेली, त्यांची चाके दुरुस्त केलेली, त्यांच्या वेळापत्रकावर संसार बांधलेली माणसे या सभागृहात आहेत. त्यांनी आपली हकीगत लिहून काढावी. लिहिता येत नसेल, तर नातवंडांना सांगावी आणि नातवंडांनी ती टिपून ठेवावी. मराठीत आली तर मराठीत, कानडीत आली तर कानडीत. मंडळाने ती जपावी. पुढच्या पन्नास वर्षांनी येथे जमणाऱ्यांना त्यातून आपली ओळख पटेल.