आपले विद्यापीठ आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या प्रकाशा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषय आम्हीच निवडावा असे सुचविले. 'विद्यापीठाचा कारभार व त्याचा पैसा' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा त्यांच्या मुखावर किंचित हसू उमटले. ते साहजिकच होते. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुळाक्षरे व पाढे शिकविण्यात सारी नोकरी गेली. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. तरीही ज्या घराने एका मुलाच्या पदवीसाठी दुसऱ्याचे शिक्षण थांबविले, त्या घरातील दुसऱ्या मुलास या विषयावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार असावा, अशी आमची समजूत आहे.

आमचे थोरले बंधू १९७२ साली धुळ्यास महाविद्यालयात शिकत होते. दुष्काळाचे ते वर्ष वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेलच. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांस फी माफ करण्याची सवलत यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून मिळू लागली होती. तिला सगळे 'इ. बी. सी.' म्हणत. त्या सवलतीमुळे बंधूंची फी वाचली. परंतु खोलीचे भाडे व खाणावळ काही माफ झाली नाही. दोघांचा खर्च झेपणार नाही हे वडिलांनी ओळखले, आणि आम्ही मॅट्रिकवर थांबलो. त्याचा विषाद आज उरलेला नाही. बंधू पदवीधर झाले. पुढे नोकरीसाठी विद्यापीठाचा एक दाखला लागला, तेव्हा त्या एका कागदासाठी त्यांस एस. टी. ने पुण्यास जावे लागले. आमच्या मातोश्रींनी शिदोरी बांधताना विचारले होते, "पुनं कितलं दूर शे रे भाऊ?" चारशे किलोमीटरांच्या घरातील ते अंतर त्या माउलीस काय सांगावे, हे बंधूंस कळेना.

ते अंतर कसे कमी झाले, हे तरुणांनी समजून घेतले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होते. म्हणजे शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावयाचे आणि परीक्षा घेऊन पदवी विद्यापीठाने द्यावयाची. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ च्या सुमारास निघाली, ती त्याच विद्यापीठाशी जोडली गेली. १९४९ साली पुणे विद्यापीठाचे कार्य सुरू झाले आणि खानदेश पुण्याच्या छत्राखाली आला. मराठवाड्यास १९५८ साली व कोल्हापुरास १९६२ साली स्वतःचे विद्यापीठ लाभले. खानदेशास मात्र १५ ऑगस्ट १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी जळगावी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. निंबा कृष्णा ठाकरे हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी विद्यापीठ तेच राहिले. २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षरओळख नव्हती, त्या असोद्याच्या लेकीचे नाव आज खानदेशातील प्रत्येक पदवीपत्रावर छापले जाते. ज्या घरांत अद्याप एकही पदवी आलेली नाही, त्या घरांचाही या विद्यापीठावर हक्क आहे, असाच अर्थ आम्ही त्या नावातून घेतो.

विद्यापीठ जवळ आले. परंतु ते चालते कसे, हे आपण किती जण जाणतो? ग्रामपंचायतीचा सरपंच कोण व गावनिधी कोठे खर्च झाला, याची चौकशी आपण पारावर बसून करतो. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावासाठी उभे राहून प्रश्न विचारतो. विद्यापीठाचे नाव निघाले म्हणजे मात्र ती विद्वानांची गोष्ट समजून गप्प बसतो.

विद्यापीठाचा कारभार 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६' या कायद्याने चालतो. राज्यपाल हे कुलपती असतात. कुलगुरूंच्या नियुक्तीसाठी एक शोधसमिती काही नावांची शिफारस करते व त्यांतून कुलपती निवड करतात. दैनंदिन कारभार व पैशाचे निर्णय व्यवस्थापन परिषद पाहते, अभ्यासक्रम व परीक्षेची तत्त्वे विद्यापरिषद ठरविते, आणि या सर्वांचा हिशेब ज्या सभेपुढे यावयाचा ती अधिसभा होय. वार्षिक अंदाजपत्रक, लेखे व अहवाल अधिसभेत मांडले जातात. नवी महाविद्यालये कोणत्या भागात निघावीत याचा पाच वर्षांचा बृहत् आराखडाही तिच्यापुढे येतो. म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील मुलीस महाविद्यालय किती लांब पडावे, याचा विचार होण्याची एक जागा ही अधिसभा आहे.

आता पैशाकडे वळू. विद्यापीठाची थैली तीन पदरी आहे. पहिला पदर राज्य शासनाचा. मान्य पदांवरील अध्यापक व कर्मचारी यांचे वेतन मुख्यतः त्यातून होते. परंतु शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून विद्यापीठास नवे पद निर्माण करता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. दुसरा पदर केंद्राचा. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली स्थापन झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्यास अधिकार लाभले. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातून राज्यांच्या विद्यापीठांस पैसा येऊ लागला. त्यात सामान्यतः केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस असे प्रमाण राहिले. तिसरा पदर विद्यापीठाचा स्वतःचा, म्हणजे परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क व तत्सम उत्पन्न. हा तिसरा पदर सरतेशेवटी आपल्याच कनवटीतून भरला जातो. आपल्या मुलाने परीक्षेचा अर्ज भरला की आपण विद्यापीठाच्या उत्पन्नात भर घालतो. पहिला पदर आखडला, तर भार तिसऱ्यावर येतो. शासनाचे अनुदान हा जो विषय कोरडा वाटतो, तो असा शेतकऱ्याच्या खिशापाशी येऊन थांबतो.

महाविद्यालयांची स्थिती याहून बिकट आहे. जुन्या अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांचे वेतन शासन देते. परंतु २००१ नंतर महाविद्यालये कायम विनाअनुदान तत्त्वावर निघू लागली. तेथील खर्च फीमधूनच भागवावयाचा. अनुदानित महाविद्यालयांतही पदे रिकामी राहतात आणि तासांवर मोबदला घेणारे अध्यापक वर्ग चालवितात. आपल्या समाजातील किती तरी पदव्युत्तर तरुण असे तासिकांवर झिजत आहेत. सुट्टीच्या महिन्यांत त्यांच्या घरी काय शिजते, हे त्यांच्या आईबापांस विचारावे. २०२४ साली शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. तो स्तुत्य आहे; आमच्या बंधूंस मिळालेल्या सवलतीचीच ती पुढची पायरी होय. मात्र मुलीने न भरलेले शुल्क शासनाकडून वेळेवर पोचले नाही, तर ती तूट कोणी सोसावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

येथे घरातलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या पुतण्याची कन्या पदवीच्या अखेरच्या वर्षास होती. तिने सर्व प्रश्नपत्रिका लिहिल्या, तरी गुणपत्रिकेत एका विषयापुढे 'अनुपस्थित' असा शेरा आला. महाविद्यालयात गेलो, तर "हे विद्यापीठात विचारा" म्हणाले. विद्यापीठात गेलो, तर "महाविद्यालयाचे पत्र आणा" असे उत्तर मिळाले. कोणी उद्धटपणे बोलले असे नाही. एका टेबलाशी एकच गृहस्थ होते आणि त्यांच्यापुढे कागदांचा ढीग होता. चूक दुरुस्त होण्यास अडीच महिने लागले, आणि तोवर पुढील प्रवेशाची मुदत टळून गेली. पोरीचे एक वर्ष गेले. ती आम्हांस म्हणाली, "आजोबा, मी पेपर लिहिला होता हो." त्या वाक्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते. नाव कोणाचेच घेत नाही, कारण दोष एका माणसाचा नव्हे. रिकामी पदे, अपुरे हात आणि विचारणारा कोणी नाही, या तिहींचा तो परिणाम होता.

मोठ्या विद्यापीठांतही हे घडते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग घाईने केला. निकाल कित्येक आठवडे रखडले, आणि ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंस पदावरून दूर केले. शासन करण्याची सत्ता वर होती, ती वापरली गेली. परंतु विद्यार्थ्यांचे गेलेले दिवस परत आले नाहीत. म्हणून विचारणारा माणूस आधीच, आत बसलेला असावा लागतो.

तो माणूस आत पाठविण्याची सोय कायद्याने केलेली आहे. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी निवडले जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखून ठेवलेली आहे. मतदार कोण? ज्या पदवीधराने अर्ज भरून आपले नाव नोंदविले आहे, तोच. नुसती पदवी भिंतीवर टांगून मताचा अधिकार येत नाही. मुंबईत दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या दिल्या जातात. तेथे सप्टेंबर २०२४ मध्ये झालेल्या पदवीधरांच्या निवडणुकीत मतदारयादी अवघी सुमारे तेरा हजारांची होती. महानगराची ही कथा, तर आपल्या तापीकाठची काय सांगावी? गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभात आम्ही पदवीधर मंडळींस सहज विचारले, "नाव कोणी नोंदविले आहे?" भरल्या मांडवात चार हात वर आले.

बंधुभगिनींनो, आम्ही स्वतः मॅट्रिक असल्याने आम्हांस हे मत नाही. ज्यांस आहे त्यांनी ते वापरावे, एवढीच आमची विनंती आहे. घरातील प्रत्येक पदवीधराने, आणि सुनांनी व लेकींनी विशेषेकरून, विद्यापीठाने नोंदणी जाहीर करताच अर्ज भरावा. एकदा नाव लागले की जन्मभर चालेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक निवडणुकीपूर्वी यादी पाहावी. मंडळाने या कामासाठी दोन तरुण नेमावेत.

आणखी एक गोष्ट या स्मरणिकेतच छापली जावी अशी आमची इच्छा आहे. मत देताना उमेदवार आपल्या ज्ञातीचा आहे काय, हे पाहू नये. अंदाजपत्रक वाचून प्रश्न विचारील काय, परीक्षा शुल्काच्या पैशाचा हिशेब मागील काय, रिकाम्या पदांसाठी शासनाकडे पाठपुरावा करील काय, हे पाहावे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, आणि आपला जिल्हा जेमतेम ६४ टक्क्यांवर, सर्व जिल्ह्यांच्या तळाशी होता. ही तूट एका ज्ञातीने भरून निघणारी नाही. सातपुड्यातील पावऱ्या-भिल्लांचा मुलगा आणि आपला मुलगा एकाच परीक्षेस बसतात. निकाल रखडला तर दोघांचाही रखडतो.

शेवटची सूचना पैशाचीच आहे. गुणगौरवात आपण शाली, श्रीफळे व ढाली यांवर बराच खर्च करतो. त्यातील निम्मी रक्कम बाजूस काढून गरजू विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क, एस. टी. चा पास आणि वसतिगृहाची अनामत यांसाठी निधी उभारावा. या निधीस आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. पहिली मदत कोणत्या ज्ञातीच्या मुलास द्यावी, अशी अट आम्ही घातलेली नाही.

तापी-गोमाईच्या या संगमावर दूरदूरचे भाविक येतात. आपण येथील रहिवासी, म्हणून घाट स्वच्छ राखणे हे आपले काम ठरते. विद्यापीठाचेही तसेच आहे. ते आता आपल्या खानदेशात आहे. त्याची देखरेख आता पुण्याने करावयाची नाही.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!